मोठी स्वस्त, लहान महाग

सातवीच्या वर्गात स्नेहल बाकाखाली काहीतरी नखाने कोरत होती, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. समुद्रफेसाचा पांढरा तुकडा होता. मी तो काढून घेतला, तर म्हणाली, "बाई, माकलीच्या पाठीतला हाय. परत द्याल ना?" तिची आई ठमाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकते, त्यात या शाई सोडणाऱ्या, दहा भुजांच्या माकल्याही असतात.

पुढे मोठी झाल्यावर स्नेहलने जाळ्याला चिकटून आलेली, काळ्या द्राक्षांसारखी माकलीची अंडी घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवली. तिसरी पिढी घरातच जन्मली, तेव्हा तिने सुकापूरला दुकान थाटले. घरात मासे पाळणाऱ्या हौशी लोकांना जिवंत माकल्या विकायच्या. दर मात्र आईच्या पाटीवरचाच लावला: जेवढी मोठी, तेवढी महाग.

खांदा कॉलनीतल्या विश्वजीतने सर्वांत मोठी माकली आठ हजारांना नेली. तीन आठवड्यांत ती मेली. त्याने हौशी लोकांच्या ग्रुपवर लिहिले, 'आजारी माल.' दोन दिवसांत सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या. दुकान बंद करावे लागेल, हे सांगायला स्नेहल माझ्याकडे आली आणि बोलता बोलता तिलाच उमगले.

"बाई, ती आजारी नव्हती, म्हातारी होती. माकली जगते जेमतेम वर्षभर. ज्याच्याकडून मी जास्त पैसे घेतले, त्यालाच सर्वांत कमी दिवस दिले."

हेच तिने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिले. विश्वजीतला एक लहान माकली स्वतः नेऊन दिली. मग दर उलटे केले. जिवंत भक्ष्याऐवजी मेलेली कोळंबी खायला शिकलेली, म्हणजे घरी पोसायला सोपी, दोन महिन्यांची माकली सर्वांत महाग. पूर्ण वाढलेली निम्म्या दरात, तीही वय सांगून.

ठमाबाईला हसू आवरेना. "मोठी सस्ती नि बारकी म्हाग? बाजारान हसतील तुला!"

"आये, तुझी माकली रातीच्या जेवणात संपते. माझी लोकांना वरीसभर पायजे."

महिन्याभराने विश्वजीत दोन मित्रांना घेऊन आला. "माझी आता बोट फिरवलं की मागे येते," तो सांगत होता. रद्द झालेल्या ऑर्डरी परतल्या, पुण्याहूनही नव्या आल्या. ठमाबाई बाजारात गिऱ्हाइकांना ऐकवू लागली, "तुमी मोठ्याला भाव करता. माझी लेक बारकीचं जास्त पैसं घेते!"

आज स्नेहलकडे चोवीस टाक्या आहेत. प्रत्येकीवर आधी माकलीची जन्मतारीख लिहिलेली असते, खाली किंमत.