हळदीपुरती बॅटरी
आमच्या नवीन पनवेलच्या ऑफिसात मला सगळे भांडखोर म्हणतात. म्हणोत बापडे! त्या पाड्यासाठी भांडले याचं मला आजही बरं वाटतं.

पाडा आगऱ्यांचा, खाडीपलीकडे, जुन्या मिठागरांच्या टोकाला. होडीशिवाय वाट नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात विजेच्या तारा टिकत नाहीत. म्हणून गावापुरतं सोलर बसवायचं ठरलं. पॅनल किती, बॅटरी केवढी, हे काढायचं काम माझ्याकडे. घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही मोजत फिरताना एका बाईने माझा हातच धरला. "पोरीची हलद हाय. नवऱ्याकडचे म्हनतात, तुमच्याकडं लाइट नाय, पनवेलला हॉल घ्या. हिचा बापूस खाटेवर पडलेला. त्याला होडीन कसा घालू?"

बापाला अर्धांगवायू झालेला. हळद पनवेलला झाली तर लेकीला हळद लावायला बापच नसणार.

मांडवाचे दिवे धरून हिशेब केला, तर बॅटरी एवढी मोठी आली की आमच्या पुण्याच्या साहेबांनी ती खोडूनच टाकली. "एका दिवसासाठी बॅटरी वाढवतं का कुणी?" मी तावातावाने भांडले, रडकुंडीला आले आणि डबा उघडून बसले. पहिल्याच घासाला डोक्यात आलं, अगं बाई, तू विचुंब्याची आगरी ना! आमच्यात हळदीला घरी बसतं कोण? चूलसुद्धा पेटत नाही कुणाकडे, अख्खं गाव मांडवात. मग रिकाम्या घरांतले पंखे मी कशाला फिरवत बसले होते? त्या संध्याकाळपुरती घरं वगळली, तर बॅटरी रोजच्याएवढीच निघाली. साहेबांनी पुन्हा तपासून पाहिलं आणि सही केली.

काम लग्नाआधी उरकलं. हळदीला पोरांना डीजे हवा होता. "डीजे लावाल तर मेन स्विच माझ्या हातात आहे," मी दम भरला. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीला कुठे वीज लागते? तिने सूर लावला. घरं अंधारात, मांडव लख्ख. मी मात्र बॅटरीच्या खोलीत मीटरला डोळे लावून बसलेले.

तेवढ्यात मला बोलावणं आलं. मांडवाच्या मधोमध बापाची खाट. त्याने चालत्या हाताने लेकीच्या गालांना हळद लावली. दोघं रडली, मीही रडले. मग तो मला म्हणाला, "ये गो, वाक जरा," आणि हाताला उरलेली हळद त्याने माझ्या गालाला लावली.

मीटर बघायला मी परत गेलेच नाही.