कितीने, ते बोल

टाळ्या मी वाजवल्या, तिथेच चुकलं. कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीत, प्लांटवरच्या एका मित्राच्या घरी टीव्हीवर रग्बीचा सामना चालू होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पार हरलेल्या संघातला एक गडी शेवटच्या मिनिटाला चेंडू कवटाळून रेषेपलीकडे पडला. त्याला ट्राय म्हणतात. मला बिचाऱ्याचं कौतुक वाटलं. पण आमच्या यजमानाने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मयताच्या घरी मी पेढे वाटले.

वहिनी आत माझ्या बायकोला नाशिकच्या नव्या फ्लॅटसाठी निवडलेल्या फरश्या मोबाइलवर दाखवत होत्या. त्याने आवाज खाली आणला आणि मला सगळं सांगितलं. इथे जुगाराला बंदी, म्हणून परदेशी सट्टा कंपनीत ऑनलाइन खातं. अख्ख्या स्पर्धेत किती ट्राय होतील, याचा ती कंपनी आकडा देते. आपण म्हणायचं, जास्त किंवा कमी. हा म्हणाला होता, कमी. आकड्याच्या खाली जितके राहतील, लावलेल्या रकमेच्या तितक्या पट मिळणार. वर जितके जातील तितक्या पट जाणार. लावले तेवढेच बुडतील, अशी सोय नाही.

"कोण जिंकणार, ते पोरंही सांगतात. कितीने, ते बोल," हे त्याचं पालुपद. माझा मुलगा पास झाल्याचे पेढे नेले, तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं.

आणि हा माणूस प्लांटवर सेफ्टीत! कठडा न धरता जिना उतरलात, तर साहेबालाही परत वर पाठवायचा.

सौदा मध्येच तोडता येतो, झाला तेवढा तोटा घेऊन. मी म्हटलं, "खलास कर बाबा."

"आता मोठे संघ एकमेकांना भिडतील. ट्राय आटतील, इन्शाल्ला."

आटले नाहीत. पुढचे सगळे सामने लोक नाचत पाहत होते, आणि प्रत्येक ट्रायला हा थोडा थोडा बुडत होता. फ्लॅटचे हप्ते थकले, बुकिंग गेलं. शेवटी ग्रॅच्युइटी हाती यावी म्हणून त्याने राजीनामाच दिला. घरी सांगितलं, कंपनीने कपात केली.

विमानतळावर त्याची सातवीतली मुलगी मला म्हणाली, "काका, दॅट कंपनी इज सो मीन." तो ट्रॉलीवरच्या बॅगा उगाच पुन्हा लावत राहिला. वहिनींनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मी मान हलवली, दुसरं काय करणार?

परतताना गाडीत मी बायकोला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, वहिनींना बिचाऱ्यांना यातलं काहीच ठाऊक नाही.

ती म्हणाली, "अहो, कपातीचं त्यांनीच सुचवलं भाऊजींना. निदान पोरीच्या नजरेतून तरी बाप उतरायला नको, म्हणाल्या."