निनावी फंक्शनच्या पोटात

वरच्या मजल्यावरची मंदा दारातूनच म्हणाली, "काकू, पाण्याला वास येतोय. टाकी धुवायला यंदा कुणी आलंच नाही की हो! तुमचा तो प्रोग्राम आठवण करून देतो ना?" सोसायटीचा तो प्रोग्राम मीच, साठीनंतर शिकत शिकत लिहिलेला. लगेच कॉम्प्युटर उघडून बसले.

अडलं होतं एका निनावी फंक्शनपाशी, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कामाच्या तुकड्यापाशी. असं छोटंसं काम आपण घाईत लिहितो, नाव ठेवायचा आळस करतो. मग त्याला हाक कशी मारायची? त्यासाठी रिफ्लेक्शन असतं. म्हणजे प्रोग्रामलाच आपल्या पोटात डोकावायला लावायचं. कुठल्या ओळीवर जन्मलास, बाबा? बाहेरून काय मागतोस? आणि जन्मलास तिथून बरोबर काय घेऊन आलास?

बाहेरून ते काहीच मागत नव्हतं. पोटाशी मात्र एक फोन नंबर धरून बसलं होतं. ह्यांचा. प्रोग्रामचा निरोप आला की टाकीवाल्याला बोलवायचे ते हेच. उन्हाळ्यात हे गेले, नंबर बंद झाला, तरी ते बापडं तिथेच निरोप धाडत राहिलं.

माणसांचंही असंच असतं, नाही का? नाव-गाव विचारून काय कळतं? कुणाला पोटाशी धरून चाललंय, ते विचारावं.

नंबर पुसायला हात होईना. पण पाणी अख्खी इमारत पिते. पुसला, माझा घातला, चालवून पाहिलं. टेबलावरचा माझा फोन थरथरला. मजकूर ह्यांनी सांगितलेला, मी नुसता टाइप केलेला: "टाकी धुवून घ्या. उद्यावर ढकलू नका."

"बरं," म्हटलं, आणि टाकीवाल्याला फोन लावला.