आमच्या गॅलरीतलं पॉलिसीचं पारायण

आता तुमच्यापासून काय लपवायचं? घ्या चहा, सांगते. माझी सवय सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. जिन्यात कुणी हळू आवाजात बोलायला लागलं की माझे पाय आपोआप थांबतात. त्या दिवशीही थांबले.

इकडे गुजराती मुलखात, उधन्याला आमची बिल्डिंग, मागे कापड विणणाऱ्या लूमचं खातं. दुपारी लाइट गेलेली, त्यामुळे सगळे लूम बंद, अन् खालच्या जिन्यातलं कुजबुजणंसुद्धा स्वच्छ ऐकू येत होतं. दुसऱ्या मजल्यावरची सरला, अमरावतीकडची, कुणाला तरी सांगत होती, "त्या तब्येतीच्या ॲपवरलं सारं बाहेर जाते म्हणतात. अन् मंदाच्या शेठलेही आता..."

अन् नेमकी तेव्हाच लाइट आली! खटाखट, खटाखट! शंभर लूम एकदम सुरू. पुढचं एक अक्षर ऐकू आलं असेल तर शपथ!

तुम्ही म्हणाल, सरलाला विचारायचं ना. अहो, विचारायचं म्हणजे आधी चोरून ऐकलं हे कबूल करायचं! मग काय, उरलेलं वाक्य मीच पूर्ण केलं. 'मंदाच्या शेठलाही आता तिची शुगर कळली.' दुसरं काय असणार?

हे मी फक्त मंदाला सांगितलं. म्हणजे, जाता जाता वाटेत दोन-तीन जणींना.

मंदा आमच्या शेजारची, माझ्याच नंदुरबारकडची. पर्वत पाटियाला एका साडीच्या गोडाउनमध्ये घडी अन् चेकिंगचं काम करते. मागच्या वर्षी तिथे एका बाईला चक्कर आली, तर शेठने दुसऱ्या दिवसापासून तिला 'घरी आराम करा' म्हटलं. तो आराम अजून चालू आहे. म्हणून मंदाने आपली शुगर नवऱ्याखेरीज अन् माझ्याखेरीज कुणाला सांगितलेली नव्हती. माझं ऐकून तिने माझा हातच धरला.

"उषाताई, आते माले काढी टाकतीन का वं?"

अन् ते ॲप तिच्या मोबाईलमध्ये टाकलं कुणी? मीच! नाक्यावरच्या दवाखान्याने शुगर तपासायचं शिबिर घेतलं होतं, आम्ही सगळ्यांनी तपासून घेतली, रिपोर्ट ॲपवर येणार होते. मी शिकले सातवीपर्यंत, पण माझं बोट मोबाईलवर असं चालतं की बघत राहावं. आधी माझ्या मोबाईलवर, मग बिल्डिंगमधल्या अकरा बायकांना रांगेत बसवून मी ॲप टाकून दिलं होतं. 'अटी मान्य आहेत?' मान्य! 'गोपनीयता धोरण वाचले?' वाचले! अकरा जणींच्या वतीने मीच वाचलं, अन् एकही ओळ न बघता.

"थांब," मी म्हटलं. "त्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी बघू."

बाकीच्या बायकाही जमल्या. सरलाची पिंकी कॉलेजात जाते, पण शिकली सगळी इथे गुजरातीत. ती हसायला लागली. "मासी, आ तो कोई वांचतुं ज नथी!"

"कुणी वाचत नाही ना? मग आपण वाचू!"

ॲपमध्ये मराठी होती. मी खूश झाले. चष्मा लावला अन् मोठ्याने सुरू केलं, "आपली आरोग्यविषयक माहिती सेवाप्रदानाच्या अनुषंगाने, विधिग्राह्य प्रयोजनार्थ, संलग्न घटकांशी सामायिक करण्यात येऊ शकते."

सरलाने सवयीने हात जोडले!

"अगं, हात काय जोडतेस?"

"काही समजलं नाही न ताई, मले वाटलं पोथीच हाय!"

तिथेच मला सुचलं. पोथी आपल्याला कुठे एका दमात समजते? रोज थोडं वाचायचं, मग अर्थ सांगायचा, पुढचं उद्या. ठरलं! दुपारची भांडी झाली की आमच्या गॅलरीत बसायचं. श्रावणात वापरते तो चौरंग काढला, त्यावर डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. मी वाचणार, सगळ्यांनी मिळून अर्थ लावायचा, अन् मंदाने 'समजलं' म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. मंदाला सुटी मिळेना, तर ती जेवणाच्या वेळात फोन लावून ऐकायची. शेवटी फुटाणे वाटायचे. साखर नाही, शुगरचं पारायण ना ते!

पहिला दिवस एका 'सामायिक'मध्येच गेला.

सरला म्हणाली, "सामायिक भिंत असते न दोन घराइची, तसं."

"म्हणजे पलीकडच्याला सगळं ऐकू जातं," मंदा फोनवरून म्हणाली. "तुमचं भांडण मला ऐकू येतं तसं."

"आमचं भांडण मधे कशाला?" मी म्हटलं, पण अर्थ बरोबर होता. आमच्या अकरा जणींच्या डोक्यात 'सामायिक' कायमचा बसला!

तिसऱ्या दिवसापर्यंत पिंकीही येऊन बसायला लागली. तिला मराठी वाचता येत नाही, अन् इंग्रजीतून वाचलं तरी तिचं अडायचंच. मग सरला तिला अर्थ सांगायची. आई मुलीला! सरलाची मान काय ताठ झाली होती, तुम्ही पाहायला हवी होती.

सातव्या दिवशी, रविवारी, मंदा समोरच बसलेली असताना ती ओळ आली. कामाच्या ठिकाणाने ॲप दिलं असेल, तरच कामाच्या ठिकाणाला माहिती दिसू शकते. मी दोनदा वाचली.

मंदा उभीच राहिली. "माझं तर दवाखान्याने दिलं! शेठने नाही! म्हणजे शेठला दिसत नाही! माले बी समजनं!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! फुटाण्याचं ताट उलटलं. वकील नको की कुणी नको, चौरंगावर मोबाईल ठेवून आम्ही पॉलिसी जिंकली होती! त्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "मग सरला, तू जिन्यात शेठचं काय सांगत होतीस गं?"

सरलाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाप्पा! तुम्ही ऐकत होत्या काय? मी त म्हणत होती का मंदाच्या शेठलेही शुगर निघाली, त्यालेही डॉक्टरनं हेच ॲप घ्याले लावलं!"

झालं! सात दिवस मंदाची झोप उडाली होती ती माझ्या त्या अर्ध्या वाक्यापायी. मी विषय बदलायला घाईघाईने पुढची ओळ वाचली. "आपण जोडलेल्या कुटुंबीयास आपले अहवाल पाठवले जातील."

"मी कुणाला जोडलंय?" मंदाने आपला मोबाईल पुढे केला. उघडून बघितलं. कुटुंबीय: उषा. सरलाचा उघडला. कुटुंबीय: उषा. अकराच्या अकरा मोबाईलमध्ये उषा!

मग आठवलं. घरच्यांचा नंबर टाका, असं ॲपने विचारलं होतं. बायकांना नवऱ्याचे नंबर पाठ नव्हते. मला एकच नंबर पाठ होता, माझा.

म्हणजे बाहेर जातं ही गोष्ट खोटी नव्हती. जात होतं, फक्त आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत!

"काय काय वाचलं आमचं?" सगळ्यांनी मला घेरलं.

देवाशपथ, काहीच नाही! ते मेसेज मी जाहिराती समजून उघडलेच नव्हते. दोन महिने अख्ख्या बिल्डिंगची शुगर माझ्या हातात होती अन् मला पत्ता नव्हता. एवढी चौकस बाई मी! हे दुःख मी कुणाला सांगू?

अकरा जणींनी एकेक करून मला कुटुंबातून काढलं. स्वतःच्या बोटाने, वाचून, समजून. मंदाने तर दोनदा तपासलं. मग माझा मोबाईल सरलाने घेतला अन् सगळ्यांसमोर मेसेज न उघडता पुसायला लागली. माझा जीव कसा तुटत होता ते माझं मला माहीत. अकरा पुसले.

"ताई, बारावा बी हाय."

"बारावा कुणाचा? उघड, उघड!" मी म्हटलं. सवय हो, दुसरं काय!

सरलाने उघडला अन् पोथीच्या चालीत मोठ्याने वाचला. "उषा, आपली साखर मर्यादेपेक्षा बरीच जास्त आहे. त्वरित डॉक्टरांना भेटा."

संध्याकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पाच घरांतून मला चहा आला. सगळा बिनसाखरेचा. अन् ही बातमी कुठल्याही ॲपने बाहेर नेलेली नव्हती!