गुलाब मुकादमाचा बांध

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या नगरपालिकेत अजून आपली माणसं नोकरीला आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. उमरग्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून जरा आत, एवढं समजून घ्या. गावाच्या मधून ओढा जातो. वरच्या अंगाला बाजारपेठ, खालच्या अंगाला भीमनगर. भीमनगरात गुलाब राहायचा. नगरपालिकेत नाल्यांचा मुकादम, हाताखाली आठ माणसं. माणूस इतका सरळ, की बायको जाईबाई चिडून म्हणायची, "तुमाला कुणीबी इकून खाईल!"

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या दोनच विहिरींना पाणी राहिलं. तिथं भीमनगरच्या बायांनी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. कायदा होता हो, नव्हता असं नाही, पण तो कचेरीत. गुलाबची आई भिमाबाई एकदा सकाळपासून उभी राहिली आणि दुपारी रिकामी घागर घेऊन परत आली. गुलाबनं कुदळ उचलली आणि कोरड्या ओढ्यात उतरला.

दीड पुरुस, म्हणजे माणूसभर नि वर अर्धं, खणल्यावर वाळू ओली लागली. झिरा सापडला. आलेलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्यानं खालच्या बाजूला ओढ्यात आडवा दगडमातीचा बांध घातला. जाईबाईनं आणि वस्तीतल्या बायांनी पंधरा दिवस डोक्यावर दगड वाहिले. पहिली घागर भिमाबाईनं स्वतःच्या हातानं भरली आणि तिथंच मटकन बसून ती रडली. पुढं पाऊसपाणी झालं, बांधामागं पाणी तुंबायला लागलं आणि तो झिरा मग भर उन्हाळ्यातही आटला नाही.

नऊ वर्षांनी भलतंच झालं. एक्क्याऐंशीच्या पावसात ओढ्याचं पाणी बाजारपेठेत शिरलं, कापडाचे गठ्ठे भिजले, आणि नगरपालिकेला जाग आली. ओढा सुधारायचं ठरलं. निम्मं अनुदान सरकारचं, निम्मा पैसा गावावर नवी पट्टी बसवून. पट्टी भीमनगरनंही भरली बरं का! पण पैसा पुरला तो बाजारपेठेपुरताच. तिथं दोन्ही काठांना दगडी भिंती झाल्या, ओढा सरळ आणि खोल केला. भीमनगरची भिंत म्हणे पुढच्या टप्प्यात.

ओव्हरसियरनं गुलाबला बोलावलं. "वरचं पाणी आता अडखळणार नाही, धावत येईल. खालचा तो बांध मृगाच्या आत काढून टाक. नाहीतर सगळं वस्तीत शिरेल."

गुलाबला ते पटलं होतं. सारी उमर त्यानं ओढा बघितला होता, त्याला काय शिकवायचं? एकट्या आईच्या कानावर घालून, पहाटेच माणसं आणि कुदळी घेऊन तो गेला, तर बांधावर भिमाबाई पाय पसरून बसलेली.

"आये, ऊठ. पानी घरात यील."

"पानी?" म्हातारी हसलीच. "पान्यानं मेल्यालं मानूस ह्या गावात कुनी बघितलंय व्हय रे? पान्यावाचून मेल्याली म्या लई बघितली. फोड, पर आदी माज्यावर कुदळ घाल."

गुलाबनं कुदळ खाली ठेवली. त्यानं माणसं परत पाठवली आणि ओव्हरसियरला जाऊन सांगितलं, "काढला, साहेब." साहेब बघायला आला नाही. भीमनगरात कोण येतंय! रजिस्टरात नोंद झाली, काम पुरं झालं, अनुदानाचा शेवटचा हप्ताही आला. सगळ्या नोकरीत गुलाब तेवढं एकच खोटं बोलला.

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच गेल्या. गुलाबच्या जिवात जीव आला. मग उत्तरा लागल्यावर एका दुपारी वरच्या माळावर आभाळ फाटलं. बाजारपेठेत पाणी भिंतींच्या मधून सुसाट गेलं आणि दुकानदार पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "चला, पट्टी कामी आली!" तेच पाणी खाली बांधावर आदळलं आणि आडवं वळून भीमनगरात शिरलं. जाईबाईनं पोरांना कसंबसं समाजमंदिराच्या छतावर चढवलं. भिमाबाईचे गुडघे गेलेले, ती घरातच राहिली. गुलाब तेव्हा नोकरीवर होता, बाजारपेठेतल्या पुलाखालचा कचरा काढत होता. तो धावत आला तोवर बांध फुटून पाणी उतरलं होतं. आई दाराशी सापडली, बाजेखाली अडकलेली.

चौकशी झाली. निसर्गाचा कोप, असं लिहून कागद वर गेला. गुलाब नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, बांध म्या काढलाच न्हवता."

साहेबांनी उठून दार लावलं. "रजिस्टरात काढलेला आहे. म्हणजे तो तिथं नव्हता. अनुदान परत जाईल, ओव्हरसियर जाईल, तू जाशील. गप घरी जा."

शिक्षासुद्धा मिळाली नाही बिचाऱ्याला. तो वाळत गेला. अन्न गोड लागेना. वस्तीला काहीच माहीत नव्हतं. बांध काढायचा हुकूम होता हे त्याच्या आठ माणसांना ठाऊक होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. लोक म्हणायचे, आईचा लई लळा होता.

उन्हाळा आला. बांध नाही म्हणून झिराही आटला. नळ बाजारपेठेपर्यंतच आलेला. बाया पुन्हा वरच्या विहिरीवर जायला लागल्या. एका सकाळी दहाबारा बाया पाट्या घेऊन ओढ्यात उतरल्या, पुढं जाईबाई. तिनं गुलाबला हाताला धरून आणलं. "चला, मुकादम. दगड कुठं लावायचं ते दावा. बांद घालू."

गुलाब तिथंच खाली बसला. "त्या बांदानंच पानी वळलं. काढायचा हुकूम हुता. म्या काढला न्हाय आन् काढला म्हनून सांगितलं. आयला म्या मारलं, जाई."

बायांनी पाट्या खाली ठेवल्या. जाईबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग ती म्हणाली,

"आत्या गेल्या, त्ये आता भरून येत न्हाय. पर काल मला त्या हिरीवर दोन तास उभं केलं. उद्या कुठं जाऊ, तेवडं सांगा."

मोठ्यानं रडत रडत गुलाब वाकला आणि पुरानं पसरलेले दगड एकेक करून गोळा करायला लागला. बायांनी पाट्या पुढं केल्या.