कारीचं सुतक

बिसनलाल रहांगडालेचा उजवा गुडघा एका मोटारसायकलच्या पायी गेला, आणि त्या मोटारसायकलचं नाव कारी. काळी म्हणून कारी. आमच्या सौंदडला म्हशीला नाव ठेवतात, बैलाला ठेवतात, यानं गाडीला ठेवलं. बैल विकले त्या वर्षी पोळ्याच्या तोरणाखाली त्यानं कारीलाच आणून उभं केलं. हँडलला बेगड, टाकीला हिंगूळ, आरशांना गोंडे. लोक हसले, पण पुजाऱ्यानं टिळा लावला, बायाबापड्या पाया पडल्या, आणि तेव्हापासून दर पोळ्याला ती बैलांच्या रांगेत असते. बैलांना काय वाटतं ते कोणी विचारलेलं नाही.

मी भोजराज मेश्राम, त्याचा शेजारी. राइस मिलमध्ये धानाची पोती काट्यावर तोलतो. आमचं घर बौद्ध, सुतकपातक आम्ही पाळत नाही. तरी ही सुतकाची गोष्ट मलाच सांगावी लागते, कारण गावातले बाकीचे सांगताना आपण किती खाल्लं ते बरोबर गाळतात.

कारी किकनं सुरू होते, आणि तीही फक्त बिसनलालच्या. आधी दोन हलक्या किका, मग एक शिवी, मग एक जोराची. धडधाकट पोरं घामाघूम झाली, पण दुसऱ्या कोणाला तिनं कधी दाद दिली नाही. होळीच्या सुमारास बिसनलालच्या गुडघ्यानंच हात टेकले. तरी हा गडी रोज संध्याकाळी स्टँडवर उभ्या कारीवर जाऊन बसायचा, ब्रेक दाबून बघायचा आणि वळण नसताना हात दाखवायचा.

"कुठी जाऊन राहिला बे?" मी एकदा विचारलं.

"देवरी," तो म्हणाला.

देवरी म्हणजे त्याची सासुरवाडी. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला तो बायकोला, गिरजाला, मागे बसवून तिच्या भावाकडे नेत आला होता. तिचा भाऊ यादोराव सकाळपासून फाट्यावर वाट बघत उभा असायचा. एक वर्षही खंड नाही. आता यंदाची भाऊबीज चुकते की काय, ही धास्ती त्याला लागली होती. गुडघ्याच्या ठणक्यापेक्षा तीच जास्त ठणकत होती.

मुलानं, खुमेंद्रनं, त्याला गोंदियाला हाडाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फोटो पाहिला आणि गुडघा बदलावा लागेल म्हणून सांगितलं. बिसनलालनं एकच विचारलं, भाऊबीजेला गाडी चालवता येईल का? बाई म्हणाल्या, जुलै संपायच्या आत ऑपरेशन झालं तर तीन महिन्यांनी चालवा, पण त्याआधी आठ किलो वजन उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर ऑपरेशन दिवाळीनंतर. आणि किक मात्र या जन्मात विसरा. हे शेवटचं वाक्य बिसनलालला ऐकू आलं नाही. सोयीचं तेवढंच ऐकायचं हा त्याचा जुना आजार आहे, आणि त्यावर ऑपरेशन निघालेलं नाही.

तयारी मात्र त्यानं जोरात सुरू केली. घरी खुर्चीचं संडास बसवलं, ते बघायला अर्धा मोहल्ला येऊन गेला. वॉकर आला त्याच दिवशी त्याला कारीचा जुना आरसा आणि भोंगा लावला. मागून कोण येऊन राहिलं ते दिसायला पाहिजे म्हणे. तो भोंगा वाजवत अंगणात निघाला की कोंबड्या शिस्तीत डाव्या बाजूला होत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम होता, तो करताना तोंडानं डुर्रर्र आवाज काढायचा. गिरजा चुलीपाशी बसून म्हणे, "आता गेर बदला, चाय झाली."

इथवर सगळं ठीक होतं. पण ते लग्नसराईचे दिवस. लग्नाआधी नवरदेवाला किंवा नवरीला भाऊबंदांनी आपापल्या घरी बोलावून जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे गडंगनेर म्हणतात. पलीकडच्या आळीतल्या चुन्नीलालच्या डोक्यात एक दिवस प्रकाश पडला.

"नवरदेवाले जेवू घालतो आपन," तो म्हणाला, "याचा तं अंगातला भागच नवा येऊन राहिला. याले काऊन नाही?"

झालं. चुन्नीलालकडे सुवाऱ्या, म्हणजे बिसनलालच्या पवार जातीतल्या पुऱ्या, उडदाचे बडे, खीर. कपाळाला कुंकू, खांद्यावर शेला. आता एका घरी जेवला म्हटल्यावर दुसऱ्या घरी नाही कसं म्हणणार? त्यांचं गोड लागलं आणि आमचं काय कडू हाये, असं विचारणारे रोज दारात. एका घरी तर बायांनी गाणी म्हणत गुडघ्याला हळद लावली. बिसनलालला नाही म्हणता येत नव्हतं, आणि खरं बोलायचं तर म्हणायचंही नव्हतं. त्याची गाडी बंद, म्हणून माझ्या स्कूटरवर मीच त्याला घेऊन जायचो. आणि ड्रायव्हरला उपाशी ठेवायची पद्धत पवारांत नाही.

मे संपता संपता मी त्याला मिलच्या काट्यावर चढवलं आणि आकडा वाचला. उतरायचं राहिलं बाजूला, पाच किलो चढलं होतं.

"बारदाना काट," बिसनलाल म्हणाला. धान तोलताना पोत्याचं वजन वजा करतात, तसं त्याला कपड्यांचं वजा करून पाहिजे होतं. मी केलं.

"ओलावा काट. आताच पानी पेलो."

"तुह्यात ओलावा नाई," मी म्हणालो, "तेल हाये."

तो काट्यावरून उतरून एका पोत्यावर बसला. मग म्हणाला, "भोजराज, भाऊबीज जाते का बे?" त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला त्याचा राग आला होता, तो तिथंच विरघळला. मी सरळ उठून गिरजाबाईकडे गेलो आणि आकडा सांगितला.

गिरजा तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "भोजराजभाऊ, वर्षात तो एकच दिवस असा हाये, का मले कोनी भात मांगत नाई, कोनी चाय मांगत नाई. मांगं बसाचं अन् नुसतं पायत जाचं. तो दिवस मी नाई जाऊ देनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारीवर पांढरं कापड होतं. पुढे पिठावर दिवा ठेवलेला. आणि येईल त्याला गिरजा दारातच सांगत होती, "आमच्या घरी सुतक हाये. कारी गेली."

सुतकाच्या घरच्या माणसाला कोणी गडंगनेराला बोलवत नाही, आणि त्या घरात कढईही चढत नाही. चुन्नीलालची दुसऱ्या फेरीची तयारी झाली होती, तो तावातावानं आला.

"वहिनी, सुतक मानसाचं असते."

"पोळ्याले तुमी तिच्या पाया पडले नं?" गिरजा म्हणाली. "अन् तुमचा बैल मेला तवा तुमच्या घरी सुवाऱ्या तळल्या होत्या का?"

चुन्नीलालचा बैल मेला तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. त्यानं चप्पल काढली, पांढऱ्या कापडासमोर हात जोडले आणि घरी गेला.

आता सुतकाच्या घरी आजूबाजूच्यांनी कडू घास आणायचा असतो. म्हणजे साधं जेवण, ना फोडणी ना तेल. ज्या घरांतून सुवाऱ्या येत होत्या त्याच घरांतून आता भात, फिकं वरण आणि उकडलेली भाजी यायला लागली. आमच्या गावाला चढाओढीशिवाय काही जमत नाही. कोणाचं वरण जास्त फिकं, यावर बाया मनापासून भांडल्या.

सगळ्यांत चिडला तो बिसनलाल. जित्या गाडीले मारून टाकलं म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. गिरजानं एवढंच विचारलं, "तुमाले भाऊबीज पायजे का सुवारी?" मयतावर बसायचं नसतं, म्हणून संध्याकाळचं कारीवर बसणंही बंद झालं. वॉकर घेऊन ओट्यावर बसायचा आणि त्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहायचा. तिसऱ्या दिवशी हळूच माझ्या घरी आला.

"तुमच्यात सुतक नसते नं?" त्यानं माझ्या बायकोला, लीलाबाईला, विचारलं. "अंडे हायेत का घरी?"

"आमच्यात सुतक नाई, बिसनभाऊ," लीलाबाई म्हणाली, "पन शेजारी गिरजाबाई हाये." आणि तिनं त्याच्या हातात ताकाचा गिलास दिला.

इकडे बातमी हायवेच्या बसनं देवरीला पोचली. जाताना तिचं वजन बरंच उतरलं होतं. तिथं पोचली ती एवढीच, की रहांगडालेच्या घरी सुतक आहे. फोन करून कोण गेलं विचारायची आमच्याकडे रीत नाही, सरळ उठून जातात. यादोराव पहिल्या बसनं आला आणि फाटकातच त्यानं हंबरडा फोडला. समोर पांढरं कापड, दिवा. तेवढ्यात घरातून गिरजा हातात झाडू घेऊन बाहेर आली. तिला पाहून तो आणखीच मोठ्यानं रडायला लागला. मग त्याला वाटलं, बहीण जिवंत आहे म्हणजे गेले ते जिजाजी. तर मागून भोंगा वाजला आणि वॉकर ढकलत जिजाजी आले. यादोरावनं पुढे होऊन कापड उचललं, खाली पाहिलं आणि तिथंच मातीत बसला.

आधी त्यानं आम्हा सगळ्यांचा उद्धार केला. त्याचा हक्कच होता. मग गमछ्यानं डोळे पुसत म्हणाला, "बाई, बसमधी म्या ठरवून टाकलं होतं. यंदापासून भाऊबीजेले पाट मांडाचा नाई."

गिरजा आत गेली. ती का गेली ते सगळ्यांना कळलं, म्हणून कोणी तिच्या मागे गेलं नाही. मग यादोराव म्हणाला, "तेरवी कोनत्या दिवशी हाये?"

कारण तेरवी तर होणारच होती. तेरा दिवस फिकं वरण पुरवलेलं गाव आता तेरवी सोडणार होतं का? अंगणात पंगत बसली. बुंदीचे लाडू, सुवाऱ्या, पातोडीचा रस्सा. बिसनलाल घरचा कर्ता म्हणून पहिल्या पाटावर बसला आणि त्याला वाढला भात आणि वरण. लाडवाचं ताट त्याच्यासमोरून जायचं तेव्हा तो दुसरीकडे मान करायचा. मी तीन खाल्ले. यादोरावनं किती खाल्ले ते मोजायचं मी पुढे सोडून दिलं. पंगत उठल्यावर गिरजानं कारीवरचं कापड काढलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की सव्वा महिना या घरात तळण नाही.

जुलै संपायच्या आत धानाची रोवणी आटोपली आणि बिसनलाल पुन्हा काट्यावर चढला. पँट कमरेला दोरीनं बांधलेली. मी आकडा वाचला. वजन हवं तेवढं उतरलं होतं.

"बारदाना काटू का?"

"राहू दे," तो रुबाबात म्हणाला.

ऑपरेशन गोंदियाला झालं आणि नीट झालं. सिस्टर सांगत होती, गुंगीत त्यानं मधेच उजवा हात बाहेर काढून वळणाची खूण केली.

भाऊबीज आली. बिसनलाल नवा शर्ट घालून कारीवर बसला. मागे गिरजा हिरवं लुगडं नेसून, मांडीवर फराळाचा डबा. अर्धं गाव बघायला. त्यानं किकवर पाय ठेवला आणि तसाच ठेवून थांबला.

"बाबूजी, डाक्टरबाईनं किक नाई सांगतली," खुमेंद्र म्हणाला.

"ऐकलं होतं म्या," बिसनलाल हळूच म्हणाला.

मग खुमेंद्रनं बाजूला उभं राहून किक मारली. मग गावातली सगळी पोरं आळीपाळीनं. कारी ढिम्म. ऊन चढलं. तिकडे यादोराव फाट्यावर उभा असणार. शेवटी बिसनलालनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि मागे न बघता म्हणाला, "गिरजा, तू बसनं जाय."

गिरजा उतरली नाही. डबा घट्ट धरून तिनं गर्दीवर नजर फिरवली.

"चुन्नीलालभाऊ, कारीची तेरवी जेवले नं तुमी?"

"जेवलो नं वहिनी."

"मंग खांदा कोनं देला?"

खांदा न देता नुसती तेरवी जेवायची, हे आमच्या गावाला शोभणारं नव्हतं.

"द्या आता," गिरजा म्हणाली.

चौघं पुढे झालो. चुन्नीलाल, त्याचा भाऊ, खुमेंद्र आणि मी. सुतक मी पाळत नाही, पण लाडू खाल्ले होते. बिसनलालनं दुसरा गेर टाकला आणि आम्ही खांदा लावला. गिरजा मागे बसून "जोरानं, जोरानं" करत होती. मिलच्या उतारावर त्यानं क्लच सोडला. कारी एकदा ठसकली, दोनदा ठसकली, आणि तिचा तो जुना आवाज सगळ्या रस्त्यावर फुटला. ती निघाली ती निघालीच. वळण नसतानाही एक हात बाहेर आला होता, फक्त या वेळी तो गिरजाचा होता.

आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला धापा टाकत बसलो. चुन्नीलाल घाम पुसत म्हणाला, "भोजराज, वापस येताना देवरीले खांदा कोन देईल?"

"यादोराव हाये नं," मी म्हणालो. "सगळ्यात जास्त लाडू त्यानंच खाल्ले."