गद्रे काकांच्या गाडीचे मागचे बुश

"बाबांना सांगून टाक, ही गाडी आता दुरुस्त होणार नाही," निरंजन मला म्हणाला. गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर होती. मी खाली टॉर्च घेऊन उभी होते आणि अजून काही तपासलंही नव्हतं.

निरंजन बंगलोरला नोकरी करतो, सुट्टीवर घरी आला होता. त्याचे वडील गद्रे काका भूगर्भशास्त्राचे रिटायर्ड प्रोफेसर. ते नदीकाठी ब्रह्मा घाटावर राहतात, आमचं घर शेजारीच मंगला गौरीला, त्यामुळे लहानपणापासूनची ओळख. आमच्या गल्ल्यांमधून स्कूटरसुद्धा मुश्किलीने जाते. म्हणून काकांची गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर, मैदागिनला एका मित्राच्या आवारात उभी असते. गाडी जुनी, ऑल-व्हील-ड्राइव्ह. म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चारही चाकांना जाते. सोनभद्रच्या डोंगरात विद्यार्थ्यांना खडक दाखवायला न्यायचं म्हणून त्यांनी ती घेतली होती. रिटायर झाल्यावरही त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या.

त्या आठवड्यात चुनारहून परतताना काकांनी जोरात ब्रेक लावला आणि गाडीचा मागचा भाग डिव्हायडरकडे सरकला. शेजारी काकू होत्या. कुणाला लागलं नाही, पण काकूंनी घरी येऊन सांगितलं की पुन्हा या गाडीत बसणार नाही. निरंजनचं म्हणणं, बाबांचे हात आता भरवशाचे राहिले नाहीत. काकांचं म्हणणं, गाडी एका बाजूला ओढते. दुसऱ्या एका गॅरेजने व्हील अलाइनमेंट करून दिली होती, म्हणजे चाकं सरळ रेषेत बसवली होती. त्याने फरक पडला नव्हता.

"तुमचं वय झालं, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणता येत नाही," निरंजन म्हणाला. "तू वर्कशॉप मॅनेजर आहेस. तुझं ऐकतील."

आधी बघू दे, एवढंच मी म्हटलं.

मागचे टायर आतल्या बाजूने खाल्ले गेले होते. चाक ज्या लोखंडी दांड्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं त्याला आम्ही आर्म म्हणतो. आर्मच्या टोकाला बुश असतो. दोन लोखंडी नळ्या, एकात एक, आणि मध्ये रबर. रस्त्याचे धक्के हे रबर खातं आणि चाकाला जागेवर धरूनही ठेवतं. आमचे सीनियर मेकॅनिक रफीकभाई यांनी लिव्हर लावून आर्म दाबला. तो बोटभर सरकला. दुसऱ्या बाजूलाही तेच. रबर फाटून नळीपासून सुटलं होतं. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, सैल पडलेली मागची चाकं आपली दिशा बदलतात आणि गाडी मागून वळते. स्टिअरिंग कितीही घट्ट धरलं तरी तिथे उपयोग नाही.

मी निरंजनला बोलावून सगळं दाखवलं. त्याने फाटलेलं रबर बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "असेल. पण मला भीती फक्त गाडीची नाही. तू दुरुस्त केलीस की ते परत सोनभद्रला जाणार."

त्याने आमच्या मालकांनाही गाठलं होतं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं गणित सरळ होतं. जुनी गाडी, पार्ट दिल्लीहून मागवायचे, लिफ्ट अडकून पडणार, आणि घरचेच लोक नको म्हणताहेत. "मना कर दीजिए, बात ख़तम," ते म्हणाले.

मी म्हटलं, गाडी दुरुस्त होते. होत नाही असं लिहून त्याखाली मी सही करणार नाही. आणि गाडी काकांच्या नावावर आहे, काम करायचं की नाही ते त्यांना विचारू. मालकांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही.

काकांना फोनवर दोष समजावून सांगितला. त्यांनी तीन-चार नेमके प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्या हातांचं नव्हतं." मी म्हटलं, जे मला दिसलं त्यात तरी नाही.

पार्ट आल्यावर काम सुरू केलं. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मागेही दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल आणि चाकांना फिरवणारे शाफ्ट असतात, त्यामुळे हात घालायला जागा कमी. आर्मचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसले होते. तेल मारलं, गरम केलं, शेवटी कापावेच लागले. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसने काढले. या बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. म्हणून आर्मवर आधी खुणा केल्या आणि नवे त्याप्रमाणे बसवले. बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नसतात. आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर घेऊन शेवटचं आवळणं केलं, मग अलाइनमेंट.

आधी मी एकटीने चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी, सरळ थांबली.

मग काकांना चालवायला दिली. मी डावीकडे बसले, निरंजन मागे. काकांचे हात स्टिअरिंगवर स्थिर होते. रिंग रोडला त्यांनी स्वतःहून ब्रेक लावून पाहिला आणि हसले.

परतताना डावीकडच्या गल्लीतून एक ई-रिक्षा बाहेर आली. मला ती केव्हाची दिसत होती. काकांनी वेग कमी केला नाही. मी "काका, डावीकडे" म्हटलं तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली म्हणून रिक्षा वाचली. पुढे एक सायकलवाला. तोही त्यांना अगदी समोर आल्यावरच दिसला.

मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. काय बोलावं याचा विचार करत होते. दुरुस्तीचं काम संपलं होतं, यापुढचं माझं काम नव्हतं. पण शेजारी मी बसले होते.

"काका, गाडी आता ठीक आहे," मी म्हटलं. "पण डावीकडचं तुम्हाला दिसत नाही."

मागून निरंजन म्हणाला, "मी हेच सांगत होतो."

"तू हातांचं सांगत होतास," काका शांतपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मला वाटायचं, गाडी ओढते म्हणून लक्ष तिकडे जातं आणि कडेचं सुटतं." त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. वर्कशॉपपर्यंत मी चालवली.

दुसऱ्या दिवशी निरंजन त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. यात कडेची नजर हळूहळू जाते, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली टिकवता येते. डॉक्टर म्हणाले की आणखी काही काळ दुर्लक्ष झालं असतं तर पुस्तक वाचणंही अवघड झालं असतं.

निरंजनने बंगलोरला परतण्याआधी मला फोन केला. म्हणाला, तू माझं ऐकलं असतंस तर गाडी विकली गेली असती, बाबा रागावून घरी बसले असते आणि डोळ्यांकडे कुणी पाहिलंच नसतं. मी थेंब वेळेवर टाकायला सांग म्हटलं.

काकांनी स्टिअरिंग सोडलं. कुणी सांगण्याची वाट पाहिली नाही. गाडी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने घेतली, तो सोनभद्रला जाताना काकांना बरोबर नेतो.

नव्या मेकॅनिकना मी एक गोष्ट सांगते. गाडी आणि माणूस दोघांवर संशय असेल तर आधी गाडी नीट करा. तोवर माणसाचं काय बिघडलंय ते कळत नाही.